जेएनयूच्या अध्यक्षांची यादी: नेते घडले की नुसते वक्ते?

पाणवठा

मुलगी यंदा बारावीनंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा फॉर्म भरायचा म्हणते आहे. त्या निमित्ताने तिथल्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षांची यादी आम्ही दोघांनी बसून काढली. संघ 1971 चा. प्रकाश करात, आनंद कुमार, देवीप्रसाद त्रिपाठी, सीताराम येचुरी, चंद्रशेखर प्रसाद, सय्यद नासिर हुसेन, कन्हैया कुमार. पहिल्यांदा वाचताना ऊर भरून येतो. मी स्वतः डाव्या विचारांच्या घरात वाढलो, म्हणून जास्तच.

पण दुसऱ्यांदा वाचताना खटकलं ते मांडतो. 2005 ते 2015 करात आणि 2015 पासून सप्टेंबर 2024 मध्ये निधन होईपर्यंत येचुरी, असे दोन माजी अध्यक्ष लागोपाठ माकपचे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे) सरचिटणीस होते. जवळजवळ वीस वर्षं एक राष्ट्रीय पक्ष याच कॅम्पसच्या हातात होता. 2004 मध्ये या पक्षाचे लोकसभेत 43 खासदार होते, 2019 मध्ये उरले 3. आनंद कुमार 2014 मध्ये ईशान्य दिल्लीतून आम आदमी पक्षाकडून उभे राहिले आणि मनोज तिवारींकडून हरले. दहा वर्षांनी त्याच मतदारसंघात त्याच तिवारींकडून कन्हैया कुमार काँग्रेसच्या तिकिटावर हरले. त्याआधी 2019 मध्ये स्वतःच्या बेगुसरायमध्येही ते पडले होते.

माझं म्हणणं असं की, जेएनयूत अध्यक्ष व्हायला जे लागतं ते बाहेर कामाला येत नाही. तिथले मतदार सात-आठ हजार, सगळे वाचणारे. मध्यरात्री चारशे लोकांपुढे उभं राहून ग्राम्शी (इटलीचा मार्क्सवादी विचारवंत) सांगता आला की जिंकलात. वस्तीत नळाला पाणी का येत नाही हे समजून घ्यायला वेगळं शिक्षण लागतं आणि ते शिक्षण या यादीतल्या फार थोड्यांनी घेतलं. आपल्याकडची मंडळी तिकडच्या निवडणुकीला आदर्श मानतात, म्हणून हे लिहितो आहे.

तिसरा बाक

अगदी बरोबर. आणीबाणीत इंदिरा गांधी पोलिसांना घेऊन जेएनयूत शिरल्या आणि येचुरींना सगळ्यांसमोर माफीनामा वाचायला लावला, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. एवढंच होतं यांचं नेतृत्व.

आडवाट

तिसरा बाक, ही माहिती साफ चुकीची आहे आणि ती तशीच राहू देणार नाही. तो फोटो आणीबाणीतला नाही, सप्टेंबर 1977 मधला आहे. इंदिराजी निवडणूक हरल्या होत्या, पण विद्यापीठाच्या कुलपतिपदावर होत्या. विद्यार्थी मोर्चा काढून त्यांच्या घरी गेले. त्या बाहेर आल्या. त्यांच्याच शेजारी उभं राहून येचुरींनी निवेदन वाचलं, त्यात आणीबाणीतल्या अत्याचारांची जंत्री होती आणि कुलपतिपद सोडा अशी मागणी होती. नंतर त्यांनी ते पद सोडलं. माफी कोणी मागितली असं म्हणायचंच असेल तर फोटो उलटा वाचावा लागेल.

आणीबाणीत कॅम्पसवर काय झालं तेही ऐका. 25 सप्टेंबर 1975. एका निवडून आलेल्या विद्यार्थिनीला विद्यापीठातून काढून टाकल्याच्या निषेधार्थ वर्गबहिष्कार चालू होता. मेनका गांधी तेव्हा तिथे जर्मन शिकत होत्या, त्यांनाही मुलांनी सांगितलं की आज वर्गावर जाऊ नका. थोड्या वेळाने एक अँबॅसडर आली, साध्या वेशातले पोलीस उतरले आणि अध्यक्ष त्रिपाठी समजून प्रबीर पुरकायस्थ या दुसऱ्याच विद्यार्थ्याला गाडीत कोंबून घेऊन गेले. त्या चुकीच्या माणसाने मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, वर्षभर तुरुंग भोगला. पुढे त्रिपाठीही पकडले गेले. हेच त्रिपाठी नंतर राष्ट्रवादीकडून महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, 2012 ते 2018. आपले खासदार होते ते, आणि त्यांची ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहीत होती?

रानजाई

पाणवठा दादा, मी तिथे पाच वर्षं काढली. गोदावरी हॉस्टेलला होते. तुमचं गणितच मला मान्य नाही.

विद्यार्थी संघाचं काम खासदार तयार करणं हे नाही. आपल्या विद्यार्थ्यांसाठी काय मिळवलं, ते विचारा. मी विदर्भातल्या मागास जिल्ह्यातली. घरात माझ्याआधी पदवीला कोणी गेलेलं नाही. प्रवेश परीक्षेत मागास जिल्ह्यातून आलेल्यांना काही जादा गुण मिळायचे, त्यांना तिथे डेप्रिवेशन पॉइंट म्हणत. ते नसते तर मी यादीच्या खालीच राहिले असते. 1983 मध्ये मोठं आंदोलन झालं, कुलगुरूंना घेराव पडला, शेकड्यांनी मुलं तिहारमध्ये गेली (पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जीही त्यात होते, दहाएक दिवस). त्यानंतर प्रशासनाने हे गुण बंद केले. दहा-अकरा वर्षं ते बंद होते. 1994 च्या सुमारास विद्यार्थी संघाने लढून ते परत आणले. तेव्हाच्या संघात चंद्रशेखर प्रसाद होता, आधी उपाध्यक्ष आणि मग लागोपाठ दोन वर्षं अध्यक्ष. मी त्याला पाहिलेलं नाही, मी खूप नंतर गेले. पण माझा प्रवेश ज्यांच्यामुळे झाला त्यांत तो आहे.

आणि वस्तीत जाण्याचं म्हणालात ना, तर याच चंद्रशेखरचं पुढे काय झालं ते तुमच्या हिशेबात का नाही? हा मुलगा आधी खडकवासल्याला एनडीएमध्ये, लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत होता. फौजेतली नोकरी समोर असताना ते सोडून आला. जेएनयूचं अध्यक्षपद संपल्यावर दिल्लीत राहिला असता तर त्याला काहीही मिळालं असतं. तो बिहारमध्ये सिवानला परत गेला, भाकप-माले या कम्युनिस्ट पक्षाचं काम करायला. 31 मार्च 1997 ला तिथल्या जे.पी. चौकात कोपरासभा घेताना त्याला गोळ्या घातल्या. आईचा तो एकुलता एक. पंतप्रधान निधीतून आलेला एक लाखाचा ड्राफ्ट त्या माउलीने परत पाठवला. तुमच्या यादीत तुम्ही त्याचं नाव घेतलंत आणि हारजीत मोजताना त्याला वगळलंत. याचं मला फार वाईट वाटलं.

पाणवठा

रानजाई, चंद्रशेखरबद्दलची चूक कबूल. नाव लिहिलं आणि पुढे गेलो, तसं जायला नको होतं.

तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. चंद्रशेखर अपवाद आहे म्हणूनच तर आपण त्याची आठवण काढतो. नासिर हुसेन एसएफआय या माकपच्या विद्यार्थी संघटनेकडून अध्यक्ष झाले होते, आज काँग्रेसकडून कर्नाटकातून राज्यसभेवर आहेत. कन्हैया एआयएसएफचे, म्हणजे भाकपच्या विद्यार्थी संघटनेचे, तेही काँग्रेसमध्ये. पक्ष बदलायला माझी हरकत नाही. पण ज्या विचारासाठी कॅम्पसवर एकमेकांवर रात्र-रात्र तुटून पडले, तो विचार बाहेर आल्यावर पाच-सात वर्षंही टिकत नसेल, तर ती चर्चा नेमकी कशाची होती?

आणि बंदिस्तपणाचं काय? इतक्या वर्षांत अभाविपचा अध्यक्ष एकदाच झाला, 2000 साली, संदीप महापात्र.

आडवाट

हो, आणि तो एका मताने झाला. फक्त एका. डाव्यांचा बालेकिल्ला, मतमोजणी करणारी मुलंच, आणि एका मताने विरोधक निवडून आला तो निकाल लागला आणि पाळला गेला. मला अध्यक्षांच्या अख्ख्या यादीपेक्षा ही एक ओळ मोठी वाटते. मी अभाविपचा नाही, कधी नव्हतो.

निवृत्त मास्तर

आडवाट यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे निवडणुका म्हणजे जीपगाड्या, हॉकी स्टिक आणि आमदाराचा भाचा. मतदानाच्या दिवशी प्राध्यापक स्टाफरूमला आतून कडी लावून बसत. एका साली मतपेटीच आडातून काढावी लागली. 1994 च्या कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली, तेव्हा खरं सांगतो, मला हायसं वाटलं होतं. आज त्याची खंत वाटते. वर्गात पहिला आलेला मुलगा प्रतिनिधी व्हायचा आणि वर्षभर एकदाही तोंड उघडायचा नाही, कारण त्याला कोणी निवडलेलंच नव्हतं. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. कागदावर.

मग तिथे हाणामारी न होता हे चालतं कसं, ते रानजाईंनी सांगावं.

रानजाई

मास्तर, हाणामाऱ्या तिथेही झाल्या आहेत, अलीकडे जास्त. पण निवडणूक चालते ती अशी. निवडणूक आयोग विद्यार्थ्यांचाच. प्रशासन हात लावत नाही. संघाची घटना विद्यार्थ्यांनी लिहिलेली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव अशी चार पदं, त्याला सेंट्रल पॅनेल म्हणतात, आणि खाली प्रत्येक स्कूलचे (विद्याशाखेचे) काउन्सिलर, म्हणजे प्रतिनिधी. पैसा नाही. विद्यार्थी निवडणुकांचे नियम ठरवणाऱ्या लिंगडोह समितीने 2006 मध्ये उमेदवाराला पाच हजारांची मर्यादा घालून दिली, तेव्हा आमच्याकडचे सीनियर म्हणाले की एवढे तर आम्ही कधी खर्चच केले नाहीत. (त्याच लिंगडोह नियमांच्या वादात 2008 ला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि 2012 पर्यंत निवडणूकच झाली नाही, हा दैवदुर्विलास.)

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मेसमध्ये पर्चे, म्हणजे प्रचाराची पत्रकं यायची. प्रत्येक टेबलावर चार-पाच संघटनांची, स्वस्त कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेली. राजमा-भाताचं ताट पुढे, डाव्या हातात पर्चा. मग एखादी मुलगी मध्येच उभी राहायची, "साथियो, दो मिनट" म्हणायची आणि बोलायला लागायची. माइक नाही. भांड्यांचा आवाज चालूच. पहिल्या वर्षी मी अशी उभी राहिले तेव्हा माझे पाय लटपटत होते, हिंदी धड येत नव्हती. एकाने मागून प्रश्न विचारला, मी गडबडले, तर विरोधी पॅनेलची मुलगीच म्हणाली, "उसको बोलने दो." मी काउन्सिलरच्या निवडणुकीत पडले. चांगलीच पडले. पॅनेलच्या अध्यक्षाला त्या वर्षी मिळालेली मतं मला आठवत नाहीत, तिचं ते वाक्य आठवतं.

दादा, चर्चा कशाची होती विचारता ना? आज मी आमच्या तालुक्यात शिक्षिका आहे. ग्रामसभेत उठते, हिशेब मागते, सरपंच आवाज चढवतात तरी बसत नाही. कोणत्याही यादीत माझं नाव नाही.

तिसरा बाक

फोटोची चूक मान्य, फॉरवर्ड आलं होतं ते तसंच टाकलं. पण करदात्यांच्या पैशावर पाच-पाच वर्षं राजकारण, हे मला अजूनही पटत नाही.

निवृत्त मास्तर

तिसरा बाक, ग्रामसभेत हिशेब मागणारी शिक्षिका त्याच पैशातून आली की हो.

पाणवठा

रानजाई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. अध्यक्षांबद्दलचं माझं मत कायम आहे. कॅम्पस नेता देतो हा दावा मला पोकळच वाटतो, आणि 43 चे 3 कसे झाले याचं उत्तर इथे कोणी दिलेलं नाही. पण मी मोजत होतो जिंकलेल्यांची यादी, आणि तुम्ही पडलेल्यांतल्या निघालात. दर वर्षी तिथे उभे राहून पडलेले किती असतील, ते आता कुठे, याची यादी कोणी ठेवत नाही. ठेवली असती तर कदाचित वेगळं लिहिलं असतं.

मुलीने सगळा धागा वाचला. तिचा एकच प्रश्न आहे, तुम्हालाच विचारते आहे: हिंदी धड येत नसताना मेसमध्ये पहिल्यांदा उभं राहायचं तुम्ही ठरवलंत तरी कसं?

रानजाई

ठरवलं नव्हतं, बाळा. आमच्या हॉस्टेलच्या पाण्याचा प्रश्न होता आणि त्यावर कोणीच बोलत नव्हतं.