शब्दचर्चा: वास्तववादी की वास्तवदर्शी?

एका नाटकाच्या परीक्षणात 'अत्यंत वास्तववादी नाटक' असं वाचलं आणि अडखळलो. त्या नाटकात मेलेला बाप अधूनमधून येऊन मुलांशी बोलतो आणि नेपथ्य म्हणून फक्त तीन खुर्च्या आहेत. मग वास्तववादी ते काय? लिहिणाऱ्याला बहुधा 'विषय जळजळीत आहे' एवढंच म्हणायचं असावं. वास्तववादी आणि वास्तवदर्शी यांत नेमका फरक काय? आणि निसर्गवाद म्हणजे वास्तववादच का?

———

शेवटच्या 'वादी'कडे दुर्लक्ष झालं की हा घोळ होतो. वास्तवदर्शी हा परिणामाबद्दलचा शब्द आहे. ज्यातून वास्तव दिसतं ते वास्तवदर्शी, मग ते कुठल्याही शतकातलं असो, अभंग असो वा लावणी. वास्तववादी हा भूमिकेबद्दलचा शब्द. 'वाद' आला म्हणजे कोणाशी तरी वाद घातला गेला होता, आणि तो कधी, कुठे, कोणाशी हे सांगता येतं.

पॅरिसला १८५५ साली जागतिक प्रदर्शन भरलं. गुस्ताव कूर्बेची मोठी चित्रं परीक्षकांनी नाकारली, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि त्यावर 'रेआलिझम', म्हणजे वास्तववाद, अशी पाटी लावली. गंमत म्हणजे सोबतच्या पत्रकात तो म्हणतो की वास्तववादी ही उपाधी माझ्यावर लादली गेली आहे, जशी १८३०च्या मंडळींवर रोमँटिक ही लादली गेली होती. दोनच वर्षांनी फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरीवर नीतिमत्ता बिघडवल्याचा खटला झाला. फ्लोबेर निर्दोष सुटला खरा, पण सुंदर आणि चांगल्याला नाकारणाऱ्या वास्तववादाबद्दल निकालात कानउघाडणी होतीच. इकडे फ्लोबेर पत्रांत सांगत होता की ही कादंबरी मी वास्तववादाच्या तिरस्कारापोटी लिहायला घेतली!

सांगायचा मुद्दा, हा शब्द निम्मा शिवी म्हणूनच रुळला. आपल्या परीक्षणांत मात्र तो प्रशस्तिपत्रक झाला आहे. 'वास्तववादी' म्हटलं की नाटक चांगलं, प्रामाणिक, धाडसी वगैरे सगळं आपोआप आलं. शब्दाचं खरं नुकसान इथे झालंय.

———

म्हणजे 'सत्यघटनेवर आधारित' ते वास्तववादी, असंही नाही?

———

अजिबात नाही. 'अ डॉल्स हाउस' या नाटकामागे नाटककार इब्सेनच्या ओळखीतल्या एका बाईची खरी हकीकत होती. पण तीच हकीकत पाच अंकांच्या पद्यात, पल्लेदार स्वगतांसह लिहिली असती तर त्या नाटकाला वास्तववादी कोणी म्हटलं नसतं. उलट, संपूर्ण काल्पनिक गोष्टही वास्तववादी असू शकते, बहुतेक असतेच.

———

नाटकापुरतं बोलतो. रंगभूमीवर वास्तववाद म्हणजे नियमांचा संच. पद्य नको, स्वगत नको, जनान्तिक (इतर पात्रांना ऐकू न जाणारं बोलणं) नको. खोलीला तीन भिंती, चौथी प्रेक्षकांच्या बाजूची. ती आहे असं नटांनी मानायचं. (ही कल्पना फ्रेंच लेखक दिदरोने १७५८मध्येच मांडली होती, वापरात यायला शतक गेलं.) पात्रं राजघराण्यातली नसून बँकेतली, घरातली, कर्जात अडकलेली.

'मिस ज्युली' या आपल्या नाटकाला स्ट्रिंडबर्गने १८८८ साली लिहिलेली प्रस्तावना यासाठी जरूर वाचावी. रंगवलेल्या कापडी दारांवर तो वैतागला आहे. वाईट जेवण झालं म्हणून चिडलेल्या बापाला दार आपटून घर हादरवायचं असेल, तर रंगमंचावर घर नुसतं डुलतं, असं तो म्हणतो. पडद्यावर रंगवलेली भांडीकुंडीही त्याला नकोत. त्याच वर्षी दिग्दर्शक आंद्रे आंत्वानने पॅरिसमध्ये खाटकांवरच्या एका नाटिकेत खरं मांस टांगलं. आता हे मांस वास्तव आहे, पण त्याने नाटक वास्तववादी होतं का? मला नाही वाटत.

यावर नाटककार चेखॉव्हचा शेरा नट मेयरहोल्डने टिपून ठेवला आहे. १८९८मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये चेखॉव्हच्या 'सीगल' नाटकाच्या तालमी चालू होत्या. विंगेत बेडूक ओरडणार, कुत्री भुंकणार असं एका नटाने सांगितलं. कशाला, असं चेखॉव्हने विचारल्यावर उत्तर आलं, 'वास्तव वाटावं म्हणून.' चेखॉव्ह म्हणाला, क्राम्स्कोयच्या चित्रातले चेहरे किती सुरेख आहेत. त्यातल्या एकाचं नाक कापून तिथे खरं नाक बसवलं तर? नाक खरं होईल, चित्र मात्र वाया जाईल.

———

निसर्गवाद राहिलाच. इथे मराठी शब्दच दगा देतो. निसर्गवादी कादंबरी म्हटलं की डोंगर-नदीची वर्णनं डोळ्यांपुढे येतात. फ्रेंच कादंबरीकार झोलाचा निसर्ग म्हणजे निसर्गविज्ञानातला निसर्ग. 'तेरेझ राकँ'च्या १८६८च्या प्रस्तावनेत तो सांगतो की शल्यविशारद प्रेतांवर करतो तशी चिरफाड मी जिवंत माणसांवर केली. आनुवंशिकता आणि परिस्थिती माणसाला घडवतात, लेखकाने ते प्रयोगासारखं तपासायचं, असा तो दावा. म्हणजे वास्तववादाचाच एक कडक आणि जरा हटवादी पंथ. सरसकट समानार्थी वापरू नयेत. मी तर सरळ 'नॅचरॅलिझम' लिहितो.

———

वरचं सगळं मान्य, पण परीक्षणकर्त्याच्या बाजूने थोडं बोलतो. वास्तववादी काय ते ठरवायचं कोणी? 'अ डॉल्स हाउस'चा पहिला प्रयोग डिसेंबर १८७९मध्ये कोपनहेगनला झाला. त्याच्या शेवटी नायिका नवऱ्याला आणि मुलांना सोडून घराबाहेर पडते. पुढे जर्मनीतली एक नटी अडून बसली, की मी माझी मुलं सोडून कधीच जाणार नाही, तेव्हा हा शेवट मी करणार नाही. कोणी तिऱ्हाइताने मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने शेवट बदलून दिला. तिला मूळ शेवट अवास्तव वाटत होता, आज आपल्याला तो बदललेला शेवट खोटा वाटतो.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसनने १९२१च्या लेखात हाच गोंधळ सोडवायचा प्रयत्न केला. लेखकाला जे खरं म्हणून मांडायचंय ते एक, वाचकाला जे खरं वाटतं ते दुसरं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका संप्रदायाची लकब ती तिसरी. या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो. जर्मन नाटककार ब्रेख्त तर पुढे जाऊन म्हणायचा की वास्तव बदलतं, म्हणून ते दाखवायच्या रीतीही बदलायला हव्यात. त्या हिशेबाने तीन खुर्च्या आणि मेलेला बाप खुशाल वास्तववादी ठरू शकतो.

———

ठरू शकतो, पण मग काय ठरू शकत नाही तेही सांगा! सोव्हिएत लेखकांच्या १९३४च्या परिषदेत 'समाजवादी वास्तववाद' अधिकृत झाला. त्यात वास्तव दाखवायचं ते क्रांतीच्या दिशेने जाणारं, म्हणजे बरंचसं जसं असावं तसं. एवढा ताणल्यावर शब्दाला बोलीत काही काम उरत नाही.

मराठीतच बघा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं, 'मादाम बोव्हारी' पुस्तकरूपात आली त्याच सालचं. विधवांची स्थिती त्यात आहे, म्हणून विषयापुरतं ते वास्तवदर्शी. पण लेखक पानोपानी उपदेश करतो, म्हणून रीतीने वास्तववादी म्हणणं जड जातं. उलट १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं, तेव्हा ठरवून घेतलेली वास्तववादी भूमिका होती: घरासारखं घर, स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया, बोलण्यासारखे संवाद. मूळ नाटक नॉर्वेजियन लेखक ब्यॉर्नसनचं. तिथे हा शब्द अचूक बसतो.

म्हणून माझं मत असं: चळवळीबद्दल किंवा त्या रीतीबद्दल बोलायचं असेल तर वास्तववादी, बाकी सगळीकडे वास्तवदर्शी. आणि नाटक नुसतं अंगावर आलं असेल तर 'अंगावर आलं' असंच लिहावं की.

———

'अतिवास्तववादी अभिनय' हेही एकदा वाचलंय, फारच खरा वाटणारा अभिनय या अर्थाने. अतिवास्तववाद म्हणजे सर्रिअॅलिझम: स्वप्न, नेणीव, तर्काला रजा. फार खऱ्या अभिनयाला तो शब्द लावला तर अर्थ बरोब्बर उलटा होतो.

———

धन्यवाद. संपादकांना कळवतो. त्यांनी 'मेलेला बाप अतिवास्तववादी' असं छापलं नाही म्हणजे मिळवली.