मदत हवी आहे: प्रारूप विकास आराखड्यावर ४२ सोसायट्यांच्या महासंघाने हरकत कशी द्यावी?

महासंघात ४२ सोसायट्या, मिळून सुमारे ३,००० सदनिका. शहराच्या प्रारूप (म्हणजे अजून अंतिम न झालेल्या) आराखड्यात १२ मीटरचा रस्ता १८ मीटर दाखवलाय. रस्त्यालगतच्या ९ सोसायट्यांची जागा जाते. आतल्या बऱ्याच जणांना मात्र रुंद रस्ता हवाय. कार्यकारिणीने 'आमच्या ३,००० सदनिकांचा विरोध' असं पत्र तयार केलंय. ते चालेल का? सही कोणाची?

प्रतिसाद १
कृपया असं पत्र देऊ नका. ३,००० ही तुमची व्याप्ती झाली, ते मत नव्हे. आतल्या एकाच सोसायटीने रुंदीकरणाच्या बाजूने सूचना दिली तरी पत्राचा दावा खोटा ठरतो आणि तुमच्या बाकीच्या रास्त हरकतींवरचा विश्वासही उडतो.

रुंदीकरणाचा मुद्दा महासंघाच्या पत्रातून काढा. त्या ९ सोसायट्यांनी आपापल्या लेटरहेडवर हरकत द्यावी, आतल्यांनी हवं तर सूचना द्यावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती मागवतात आणि कलम २८ खाली नियोजन समिती हरकतदारांना सुनावणी देते. या नियोजन समितीत आराखडा करणाऱ्या संस्थेच्या (उदा. महापालिकेच्या) स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ज्या सोसायटीने स्वतः हरकत दिली नाही, तिचं म्हणणं तिथे दुसऱ्याच्या तोंडून जाईल.

उद्यान, नाला, शाळेची जागा अशा सामायिक मुद्द्यांसाठी प्रत्येक सोसायटीला नकाशाचा तेवढाच भाग, एक पानी टिपण आणि तीन पर्याय पाठवा: मान्य, अमान्य, बदलासह मान्य. सात दिवस द्या. उत्तर न देणाऱ्यांना संमतीत धरू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पत्रात सरळ लिहा, उदाहरणार्थ: '४२ पैकी ३१ संस्थांनी कळवलं, २७ बाजूने, ४ विरुद्ध.' आकडा लहान दिसतो, पण कुणी खोडून काढू शकत नाही.

सही महासंघाच्या ठरावात ज्याला सहीचा अधिकार दिलाय त्याचीच. महासंघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर नव्या कार्यकारिणीचा बदल अहवाल (पदाधिकारी बदलल्याची माहिती) धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलाय का तेही पाहा. त्याची मुदत ९० दिवस असते.

प्रतिसाद २
भाडेकरू आणि तळमजल्यावरचे गाळेधारक विसरू नका. सोसायटीचा ठराव मालकांचा असतो. भाडेकरूला त्यात मत नाही, पण आराखड्यावर हरकत कुणीही देऊ शकतो.
छापील एकसारखी शंभर पत्रं टाळा, ती एकच मुद्दा म्हणून गठ्ठ्यात जातात. प्रत्येक पत्रात सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, आत्ता काय आहे, काय दाखवलंय आणि नेमका कोणता बदल हवा, एवढं असलंच पाहिजे.

धागाकर्ता
चार सोसायट्या विरुद्ध असतील तर त्यांचं म्हणणंही आपणच लिहायचं?

प्रतिसाद १
हो, दोन ओळींत, त्यांच्याच शब्दांत, आणि पत्र जाण्याआधी त्यांना दाखवून. पत्र आवक शिक्क्यासह पोच घेऊनच द्या आणि तिची प्रत ४२ ही सोसायट्यांना पाठवा, विरोधातल्यांना आधी.