बंधनकारक नसलेल्या जागतिक संवादाचा सामान्य माणसाला उपयोग काय?

पेठेतील वाचक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. सदाशिव पेठेतील एका वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचे अभ्यासमंडळ भरते. सभासद बहुतेक निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि अभियंते आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनावर देशोदेशींची जी बोलणी चालू आहेत, तो विषय यंदा माझ्याकडे आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेल्या ठरावानुसार 40 तज्ज्ञांचे स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ नेमायचे, त्याने दरवर्षी अहवाल द्यायचा आणि सर्व देशांनी एकत्र बसून त्यावर बोलायचे, प्रथम जुलै 2026 मध्ये जिनिव्हा येथे व नंतर 2027 मध्ये न्यूयॉर्क येथे, अशी योजना आहे. मात्र अहवालाने धोरणाला उपयोगी माहिती द्यावी, आदेश देऊ नयेत, असे ठरावातच म्हटले आहे आणि लष्करी वापर तर विषयाबाहेरच ठेवला आहे.

गेल्या बैठकीत हे मांडले तेव्हा एका सभासदांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्यांच्या मुलाचा गृहकर्जाचा अर्ज काही मिनिटांत नामंजूर झाला आणि शाखेत चौकशी केली तेव्हा ‘सिस्टीमने नाकारले’ यापलीकडे तेथील अधिकाऱ्यालाही काही सांगता आले नाही. त्यांचे म्हणणे असे, की महापालिकेचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की आपण निदान हरकती व सूचना दाखल करतो, सुनावणीला जाऊन बसतो. जिनिव्हात जे ठरेल ते कोणावर बंधनकारक नाही आणि आपली हरकत तेथवर पोहोचण्याची सोयही नाही, मग आपण त्यात वेळ का घालावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विधी अभ्यासक, डेक्कन

प्रश्न रास्त आहे, पण ‘बंधनकारक नाही’ म्हणजे ‘निरुपयोगी’ असे समीकरण मला मान्य नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. 1948 चा तो जाहीरनामा कोणत्याही देशावर बंधनकारक नव्हता. त्याच्याच आधारे 1966 मध्ये दोन बंधनकारक करार झाले, आणि 2017 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा निकालपत्रात या जाहीरनाम्याचाही विचार झाला. त्या एका शब्दासाठी भांडणाऱ्या बाईंना ‘याचा उपयोग काय’ असे तेव्हाही कोणीतरी विचारले असते.

या विषयात तर शब्दांचा प्रवास आणखी वेगाने होतो आहे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने 2023 मध्ये सुधारलेली एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) प्रणालीची व्याख्या युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यात जवळजवळ तशीच उतरली. टप्प्याटप्प्याने लागू होणारा हा कायदा कर्जदाराची पत ठरवणाऱ्या प्रणालींना अतिजोखमीच्या वर्गात घालतो आणि निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क देतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट 2025 मध्ये वित्तक्षेत्रातील एआयसाठी सात सूत्रे मांडली; प्रणाली मुळातच समजण्याजोगी असावी, हे त्यांतील एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वे आली तेव्हा त्यांतही हीच सात सूत्रे स्वीकारलेली होती. ती अजून कायदा नाहीत, हे खरे. आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे कारण मागण्याचा स्वतंत्र हक्क नाही.

निवृत्त संगणक अभियंता, पाषाण

विधी अभ्यासकांबद्दल पूर्ण आदर राखून मी वेगळे मत नोंदवतो. 1980 च्या दशकात भारताला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही, आणि तो कोणत्याही परिसंवादाने मिळाला नसता. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली, 1991 मध्ये तिचा ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला, तेव्हा कोठे आपल्याशी बोलणाऱ्यांचा सूर बदलला. त्या काळात मी याच क्षेत्रात नोकरी करत होतो आणि ते दिवस मी विसरू शकत नाही.

आजही ज्याच्याकडे चिप आणि गणनक्षमता, त्याच्या शब्दाला वजन. फेब्रुवारी 2025 मधील पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय एआय परिषदेचे सहअध्यक्षपद भारताकडे होते, परंतु तेथील निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटन यांनी सही केली नाही. सी-डॅकची ‘ऐरावत’ ही प्रणाली 2023 मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत 75 व्या क्रमांकावर होती. अभिमान वाटावा असेच ते काम आहे, पण एआयच्या शर्यतीत तेवढ्याने भागत नाही. म्हणून जिनिव्हात भारताने तत्त्वांपेक्षा गणनक्षमतेच्या वाटपाचा मुद्दा लावून धरावा, असे मला मनापासून वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या सप्टेंबर 2024 च्या जागतिक डिजिटल करारात अशा क्षमतावाढीसाठी निधीचे पर्याय सुचवण्यास महासचिवांना सांगितले गेले, पण तो निधीही ऐच्छिक! ऐच्छिक वर्गणीवर आपल्याकडे गणेशोत्सव उत्तम होतो, संगणक केंद्र उभे राहत नाही.

अनुवादक, कोथरूड

संगणक आपला असला तरी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न उरतोच. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत आणि त्यांत आपली एकही नाही. एआयच्या भाषाप्रणाली मजकुराचे लहान तुकडे (टोकन) करून तो वाचतात आणि खर्च त्या तुकड्यांच्या संख्येवर ठरतो; अनेक प्रणालींमध्ये देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक तुकडे पडतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीतून चालवणे महाग पडते. ही गैरसोय कोणीतरी मांडल्याशिवाय वैज्ञानिक मंडळाच्या अहवालात येणार नाही.

हरकत कोठे द्यायची, याचे उत्तर माझ्या मते दिल्ली हे आहे. भारताची भूमिका तेथे घडते, आणि जानेवारी 2025 मध्ये एआय नियमनाचा अहवाल व डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा, हे दोन्ही केंद्राने लोकांच्या अभिप्रायासाठी खुले केले होते. वर उल्लेख झालेल्या 2023 च्या कायद्यात, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा, अशी तरतूद आहे. अनुसूचीत 22 भाषा आहेत, त्यांत मराठी आहे. एवढ्या एका वाक्यामुळे माझ्यासारख्यांचे काम आणि सामान्य माणसाचा हक्क, दोन्ही बदलू शकतात. अभ्यासमंडळाने आपले निवेदन मराठीतच लिहावे.

निवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर

आपल्या सभासदांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बँकांसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार कर्जाचा अर्ज नाकारण्याची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे, आणि 2007 पासून ते सर्व प्रकारच्या कर्जांना लागू आहे. निर्णय माणसाने घेतला की संगणकाने, याने त्यात फरक पडत नाही. अर्जाच्या क्रमांकासह लेखी मागणी करावी, पोच घ्यावी आणि पतअहवालही (क्रेडिट रिपोर्ट) काढून पाहावा.

पेठेतील वाचक

सर्वांचे आभार. मागणीचे पत्र आज संध्याकाळीच लिहून देतो. विधी अभ्यासकांना एकच शंका विचारतो: बँकेने ‘प्रणालीतील गुणांक अपुरा’ एवढेच लेखी कळवले, तर ते कारण मानायचे का? तसे असेल, तर आमच्या निवेदनाचा पहिला मुद्दा ‘कारण’ या शब्दाची व्याख्या हाच राहील, आणि शनिवारच्या बैठकीत तेवढ्यावरच बोलण्याचा माझा विचार आहे.