युद्धात संग्रहालयांनी संवाद साधावा, पण कोणाशी?

खानापूरकर :
काल एका सदस्याने येथे लिहिले की, कला राजकारणापलीकडची असल्यामुळे युद्धातही दोन्ही देशांच्या संग्रहालयांनी संवाद चालू ठेवावा. ते वाचून मला राहवले नाही. 2022 साली युक्रेनमधील खेरसोन शहर सोडण्यापूर्वी रशियन सैन्याच्या देखरेखीखाली तेथील कलासंग्रहालयातील हजारो कलाकृती ट्रकांत भरून रशियाच्या ताब्यातील क्रिमियात, सिम्फेरोपोलला नेल्या गेल्या, आणि त्या उतरवून घेणारी संस्थाही संग्रहालयच होती. तिच्याशी काय बोलायचे?

शहापूरकर :
आपला संताप रास्त आहे, निष्कर्ष नाही. 1941 साली जर्मनीने हल्ला केल्यावर लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातील दहा लाखांहून अधिक वस्तू रेल्वेने दूर स्वेर्दलोव्स्क शहरात हलवल्या गेल्या. वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये रिकाम्या चौकटींसमोर उभे राहून तेथील मार्गदर्शकाने सैनिकांना चित्रांची ओळख करून दिली. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. एका पडक्या चर्चमधील भित्तिचित्र वाचवण्यासाठी गावकऱ्यांना वाळूची पोती वाहून दिल्याचे ते अखेरपर्यंत सांगत. एकमेकांची भाषा न कळताही तो संवादच होता.

निपाणीकर :
इतके दूर कशाला जाता? 1818 साली आपला बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील बेळगावचे दोन शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. किल्ल्यातले जैन मंदिर, कमल बस्ती, पाहायला मुलीला नेले, तेव्हा ‘ते दगड कुठे आहेत?’ या तिच्या प्रश्नाला ‘लंडनला’ असे उत्तर देताना मला शरम वाटली.

खानापूरकर :
विषय युद्धाचा आहे. शिवाय त्या लेखांची भाषा कन्नड आहे.

निपाणीकर :
म्हणून ते माझे नाहीत? सीमाप्रश्नावर माझ्या वडिलांनी तुरुंग भोगला, तरी किल्ल्यातला दगड परका आहे असे आमच्या घरात कोणी शिकवले नाही. आपले हे वाक्य मला लागले.

खानापूरकर :
ते वाक्य मी मागे घेतो.

शहापूरकर :
मग मूळ प्रश्नाकडे या. 2014 साली क्रिमियातील संग्रहालयांनी प्राचीन सिथियन लोकांच्या सोन्याच्या वस्तू, म्हणजे ‘सिथियन सोने’, प्रदर्शनासाठी ॲमस्टरडॅमला पाठवले होते. प्रदर्शन चालू असतानाच रशियाने क्रिमिया घेतला आणि क्रिमियातील संग्रहालये व युक्रेन या दोघांनीही त्या वस्तूंवर हक्क सांगितला. खटला संपून 2023 साली ते सोने युक्रेनच्या राजधानीत, कीव्हला पोहोचले. वस्तू उसनवार पाठवण्याचा हा व्यवहार झाला नसता, तर ते सोने कोठे असते?

खानापूरकर :
क्रिमियातच अडकले असते, हे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु ती देवाणघेवाण आक्रमणापूर्वी ठरली होती. खेरसोनची चित्रे परत येईपर्यंत, ती उतरवून घेणाऱ्यांसोबत एकही प्रदर्शन भरवू नये, या मतावर मी ठाम आहे.