जन आरोग्य योजनेत रोख पैसे घेतले. तक्रार टिकेल अशी कशी करावी?

गोदाकाठ:
महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून एका रुग्णाला अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) खासगी रुग्णालयात दाखल केलंय. प्रीऑथ (उपचाराआधी योजनेकडून घ्यायची मंजुरी) मंजूर झालं, ऑपरेशन झालं. तरीही 'इम्प्लांट (शरीरात बसवायचं उपकरण) चांगल्या प्रतीचं टाकतो' म्हणून वीस हजार रोख घेतले. पावती दिली नाही, नुसती चिठ्ठीवर रक्कम लिहिली. डिस्चार्ज दोन दिवसांवर आहे. तक्रार आत्ता करावी की घरी गेल्यावर? हेल्पलाइनवरच्या तक्रारी 'निकाली' दाखवून बंद करतात असं ऐकतो. शिवाय गावातल्या एका आजींच्या कार्डावर न झालेला उपचार दाखवल्याचा संशय आहे. दोन्हींचा एकच अर्ज चालेल का?

तपासनीस:
आत्ताच करा, डिस्चार्जच्या आधी. घरी जाताना समाधानपत्रावर सही घेतात आणि ते दाव्याच्या, म्हणजे योजनेकडून पैसे मिळवायला रुग्णालय पाठवतं त्या, कागदांत लागतं. 'उपचार मोफत मिळाले, पैसे घेतले नाहीत' अशा मजकुराखाली सही झाली की चौकशीत रुग्णालय तेच पत्र पुढे करतं. म्हणून मजकूर वाचा. त्याच कागदावर स्वतःच्या हातानं 'अमुक तारखेला वीस हजार रोख दिले' असं लिहा, मग सही करा आणि फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर तर अंगठाही देऊ नका.

रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा मदतनीस) योजनेचा नोंदणी क्रमांक घ्या. तो नसला तर तक्रार कुठल्या दाव्याला जोडायची हेच ठरत नाही, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मरतात. मग १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर फोन करा. बोलताना 'सेवा नीट मिळाली नाही' असं मोघम सांगू नका. 'मंजूर पॅकेज असताना इम्प्लांटसाठी रोख रक्कम घेतली' असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयुष्मान (केंद्राच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर १४५५५ वरही नोंदवा.

फोनवर थांबू नका. त्याच दिवशी लेखी अर्ज योजनेच्या जिल्हा समन्वयकांना द्या आणि प्रती जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व मुंबईच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का हवाच. फोनवरची तक्रार बंद केली तरी शिक्क्याच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

पुरावा म्हणून ती चिठ्ठी जपा. त्याहून भक्कम म्हणजे दाखल असतानाच्या तारखांची, रुग्णाच्या नावाची मेडिकलची आणि लॅबची बिलं. खाट, शुश्रूषा, डॉक्टर व भूलतज्ज्ञांची फी, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, रक्त, जेवण हे सगळं पॅकेजमध्येच (त्या उपचारासाठी योजनेनं ठरवलेल्या एकत्रित रकमेत) धरलेलं असतं. त्यामुळे बाहेरून आणायला लावलेल्या औषधाचं बिलही तक्रारीचा भागच आहे.

शुश्रूषा:
इम्प्लांटबद्दल थोडं. पाकिटावर कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं. ते केसपेपरवर चिकटवतात आणि दाव्यासोबतही लागतं. त्याची प्रत लेखी मागा. वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. स्टेंटच्या केसमध्ये अँजिओप्लास्टीची सीडीही घ्या. स्टिकरं दोन आणि सीडीत स्टेंट एक, असा फरक तिथेच कळतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तो उपचार योजनेच्या यादीत आहे का, आणि रुग्णालय त्या विशेषतेसाठी (वैद्यकीय शाखेसाठी) अंगीकृत आहे का? काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. मंजुरीच नसताना झालेल्या उपचाराचे पैसे घेतले असतील तर तक्रारीचा पाया ढासळतो. तुमच्याकडे प्रीऑथ मंजूर आहे, म्हणजे बाजू पक्की आहे.

वहिवाट:
आजींचा अर्ज पूर्ण वेगळा द्या. पहिल्यात रुग्णाचे पैसे गेलेत, दुसऱ्यात सरकारचे. चौकशीही वेगळी होते. योजनेतल्या त्यांच्या कुटुंबाच्या खर्चमर्यादेतून किती रक्कम, कुठल्या रुग्णालयात, कुठल्या तारखांना वजा झाली ते हेल्पलाइनवरून काढा. मग त्या तारखांना आजी दुसरीकडे होत्या हे दाखवा. रेशन दुकानातली अंगठ्याची नोंद, बँकेतून पेन्शन काढल्याची नोंद किंवा रोजगार हमीचं हजेरीपत्रक यातलं एक सापडलं तरी दावा उघडा पडतो. कार्डाला कुणाचा मोबाइल जोडलाय तेही बघा. आयुष्मानवरच्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या) २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच क्रमांकाला जोडलेले आढळले होते. नंबर भलताच असेल तर मेसेज घरी पोचणार कसा?

महिनाभर हालचाल दिसली नाही तर सोसायटीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. 'माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. इतर रुग्णांची माहिती मागितली की खासगी माहितीचं कलम ८(१)(ञ) दाखवून नकार येतो.

पैसे सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यानं मागितले तर रस्ता वेगळा: लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. देण्याआधी कळवलं तर सापळा लावता येतो. नाइलाजानं दिलेच असतील तर सात दिवसांत कळवा. नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही अडकतो.

गोदाकाठ:
तिघांचेही आभार. अर्ज उद्याच देतो. रुग्णालयाचा माणूस आत्ताच येऊन 'पैसे परत करतो, तक्रार नको' म्हणाला. घ्यावेत का?

तपासनीस:
घ्या, पण खात्यावर किंवा चेकनं. रोख परत घेतले तर मूळ पैसे घेतल्याचा पुरावाही जातो. 'गैरसमजातून तक्रार केली' असं लिहून मागतील, ते देऊ नका. द्यायचंच झालं तर 'दिनांक अमुक रोजी घेतलेले रु. २०,०००/- आज परत मिळाले' एवढंच लिहा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा.