२००८ ची बॉक्स्टर एस घ्यायचीय, काय काय तपासून घेऊ? (ठाणे)

घोडबंदरवाला:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे आणि तोही लवकर, कारण डीलर रोज फोन करतोय की दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीय. गाडी पोर्शे बॉक्स्टर एस, २००८, ३.४ लिटर, सहा गिअर मॅन्युअल, एमएच-०१ पासिंग, ४१ हजार चाललेली, तिसरा मालक. मागतोय २६ लाख. पनवेलला शेडमध्ये उभी आहे, बाहेरून एकदम चकाचक. मी गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, म्हणाला आत्ताच पॉलिशवाल्याकडून आणली. चालवली आणि काय सांगू राव, मागून तो आवाज आला की व्यवहारबुद्धी संपलीच. सर्व्हिस रेकॉर्ड २०१६ पर्यंतचं आहे, पुढचं सगळं बाहेर केलं म्हणे, बिलं नाहीत. आजपर्यंत ऑक्टाव्हियाच्या पुढे कधी गेलो नाही त्यामुळे यातलं शून्य कळतं. रोज नाही चालवणार, रविवारी सकाळी पाम बीच रोड, कधीतरी लोणावळा. आयएमएस बेअरिंगने (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग) इंजिन जातं असं सगळीकडे वाचतोय, खरं का? आणि १५ वर्षं उलटून गेलीत तर पासिंगचं काय?

वागळे_इस्टेट:
भाऊ, इंजिन गरम करून दाखवलं ना, मग परत जा आणि आदल्या रात्रीपासून बंद ठेवलेली गाडी तुमच्यासमोर चालू करायला सांगा. पहिल्या दोन मिनिटांत जे कळतं ते तासभर चालवून कळत नाही. सुरू करताना जरासा धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात थोडं ऑइल झिरपतं, पण पांढऱ्या धुराचा लोट थांबतच नसेल तर ऑइल सेपरेटर गेलाय असं धरा.

आयएमएसचं म्हणाल तर निम्मी भीती उगाच आहे. तो इंटरमीडिएट शाफ्ट कॅमच्या चेन फिरवतो, त्याचं बेअरिंग फुटलं की टायमिंग जातं आणि इंजिनचा भंगार होतो हे खरं, पण जास्त बदनाम आहे ते साधारण २००० ते २००५ मधलं लहान बेअरिंग. २००६ ते २००८ च्या इंजिनात मोठं बसवलं, ते क्वचित जातं, फक्त बदलायचं झालं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. म्हणून गिअरबॉक्स उतरवून नवीन बेअरिंग टाकलंय असं कोणी या गाडीबद्दल सांगितलं तर तो थापा मारतोय.

३.४ ला खरी भीती बोअर स्कोअरिंगची, म्हणजे पिस्टनने सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडणं. थंड इंजिन पिळलं की हे होतं. पोर्शेच्याच ९११ ला एका बाजूचा सायलेन्सर काळा पडलेला दिसतो, बॉक्स्टर एसचे दोन्ही पाईप मधोमध एकाच जागी आहेत, त्यामुळे तिथे बघून काही कळणार नाही. प्लग काढून बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला, सहाही सिलिंडर बघा. ऑइल फिल्टर कापून घडीत धातूचा चुरा आहे का बघा. विकणारा यातल्या एकालाही नाही म्हणाला तर उठून या, २६ लाखाच्या गाडीला एवढं तपासू देत नाही म्हणजे काय?

नेरूळकर:
वरच्या दादांशी सहमत, त्यात भर घालतो. मॅन्युअल आहे तर ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं त्याचा रिपोर्ट काढायला लावा. चुकून पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, आणि ते कंप्युटरमध्ये नोंदलं जातं. या गाडीत चढत्या वेगाच्या सहा रेंज दिसतात, पहिल्या दोनमध्ये आकडे असले तरी चालतं, चार ते सहामध्ये असले तर किती इंजिन तासांना झालं ते विचारा. त्याच रिपोर्टात इंजिनचे एकूण तासही असतात, ते ४१ हजार किमीशी जुळतात का बघायचं. इथे बऱ्याच मीटरांची पोल उघडते :D

बाकी लिफ्टवर चढवा. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर आणि सोसायटीचे रॅम्प, खालची प्लास्टिक कव्हरं फाटलेली असतातच, पण जॅक पॉइंट आणि एसी-कुलंटचे पाईप दबलेत का ते महत्त्वाचं. पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मारून बघा, रेडिएटर तिथे मागे असतात आणि पाला, चिखल साचून सडतात. डिकीतली कुलंटची टाकी तडकते, हाताने चाचपा, गुलाबी डाग दिसला तर समजा. टॉपचं (उघडणाऱ्या छताचं) पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या तुंबलेल्या असतील तर कार्पेट ओलं राहतं, हात घालून वास घ्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, आत चिखलाची रेष असेल तर गाडी पुराच्या पाण्यात गेली होती. टायरवर चार आकडी कोड असतो, १४१५ म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा, खाचा कितीही खोल दिसू देत, असे टायर फेकायचेच.

आरटीओ_काका:
अहो, गाडीआधी कागद बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे हिचं २०२३ ला संपलं. रिन्यू झालंय का ते आरसीवर आणि परिवहन साइटवर तपासा, डीलरच्या तोंडी हो वर जाऊ नका. १५ वर्षांनंतरच्या रिन्यूअलला इम्पोर्टेड चारचाकीची फी ४० हजार आहे, २० वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार झाली. तुमची पुढची पाळी २०२८ ला येणार, म्हणजे नेमके ८० हजार वाले. ग्रीन टॅक्स, हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाचा बोजा), चलनं, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) हे सगळं विकणाऱ्याने निस्तरून द्यायचं. चेसिस नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी ताडून बघा. एमएच-०१ वरून तुमच्याकडे एमएच-०४ ला ट्रान्सफर करताना नंबर बदलत नाही, फॉर्म २९ आणि ३० वर सही मालकाची हवी, डीलरच्या माणसाची नाही.

नेरूळकर:
काकांनी माझे पैसे वाचवले, माझा एक मित्र अशीच गाडी बघतोय :)

कोपरखैरणे_टर्बो:
मी उलटं बोलतो, रागावू नका. बिलं नाहीत, तिसरा मालक, गरम इंजिन, एवढ्यावर मी तरी घेणार नाही. थोडे पैसे वाढवून २००९ नंतरची बघा, त्या इंजिनात आयएमएस शाफ्टच नाही. आणि काहीही घेतलीत तरी किमतीच्या पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, ब्रेक, क्लच, सस्पेन्शनचे आर्म यातच जातात. आणि शेडमध्ये उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा महाग पडते, आठवड्याला एकदा तरी ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा, नुसती चालू करून बंद करू नका.

घोडबंदरवाला:
सगळ्यांचे आभार. डीलरला बोअरस्कोप म्हटल्यावर फोनवर दहा सेकंद शांतता, मग म्हणाला मालकाला विचारून सांगतो. मालक तयार झाला तर तुर्भ्याला लिफ्टवर चढवायचा विचार आहे, कोणी सोबत येईल का? चहा-वडापाव माझ्याकडून.

वागळे_इस्टेट:
शनिवारी सकाळी असेल तर मी येतो, प्लग सॉकेट माझं घेऊन येईन. फक्त त्याला सांगा, गाडी रात्रीच तिथे आणून ठेव.