पान, फूल आणि माखलेले हात : तुमचे अनुभव लिहा

लेक साडेपाच वर्षांची. फूल काढ म्हटलं की पाच गोल पाकळ्या, मधे पिवळा ठिपका, खाली हिरवी काठी. खिडकीत जास्वंद फुललेली असो, चित्र तेच. परवा राणीच्या बागेत तिला कैलासपतीच्या झाडासमोर बसवलं. फुलं वर शेंड्याकडे नाहीत, खोडातूनच फुटलेल्या लोंबत्या डहाळ्यांवर! तिने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे झाड चुकलंय." मग अर्धा तास एक शब्द नाही. कागदावर जाडजूड खोड आणि त्याला चिकटलेले गुलाबी गोळे. काठी गायब.

तुम्ही झाडापानांवरून मुलांकडून काय काय करून घेतलंत? फसलेलं आधी सांगा.

गोरेगाव, बालवाडीताई

फसलेलं भरपूर आहे. पहिल्या वर्षी पानांचे ठसे घेतले, तीस पोरांचे तीस हिरवे चिखल झाले. रंगात पाणी घालत होते, ती चूक. आता घट्ट रंग, अगदी थोडा, आणि तोही पानाच्या मागच्या बाजूला, कारण शिरा तिथे उठून असतात. वर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तळहाताने दाबायचं. पान सरकवायचं नाही, हे मात्र रोज सांगावं लागतं. पेरूचं पान सगळ्यात छान उमटतं. आंब्याचं गुळगुळीत, निसटतं. बदामाचं पान इवल्या हातांना आवरत नाही.

भेंडीचा ठसा तर तुम्हाला माहीतच असेल. एकाला पाचाऐवजी सहा कोपऱ्यांची भेंडी सापडली, तिला त्याने बालवाडी सुटेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

गिरगाव, आजी

आमच्याकडे नातू जास्वंदीची पाकळी कागदावर घासतो. लाल फूल, पण रंग येतो जांभळट. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. हळदीवर सोडा लावला तर लालसर. आठवडाभर घरात हाच उद्योग. सुनेच्या पांढऱ्या ओढणीलाही हळद लागली, ते सोडा. (सोडा म्हणजे विषय सोडा, तिथे खायचा सोडा लावू नका!)

रडारड नंतर झाली. हळदीचा सूर्य त्याने खिडकीच्या काचेला चिकटवला होता. हळद उन्हात विटते, चार दिवसांत सूर्य फिका. "उन्हाने सूर्य खाल्ला" म्हणून भोकाड. दुसरा करून दिला नाही मी. त्यानेच केला आणि कपाटात लपवला.

मुलुंड, बाबा

मुलीने पिंपळाची पानं तांबडी रंगवली. वहीवर शेरा आला, पानं हिरवी असतात. माझं डोकं फिरलं, पण तिला शाळेबद्दल काही बोललो नाही. सकाळी बसस्टॉपजवळच्या पिंपळाखाली नेलं, मार्च होता, कोवळी पालवी तांबूस चमकत होती. खाली पडलेली दोन पानं तिने स्वतःच वहीत ठेवली, त्या शेऱ्याच्या पानावर.

आमचा नियम एकच, पडलेलं उचलायचं. मे महिन्यात पीतमोहराखाली पिवळा सडा असतोच, तोडायची गरज काय? कण्हेर आणि रुईला मात्र हात लावू देऊ नका, चीक विषारी असतो.

कुर्ला, आई

सगळ्यांकडे झाडं दिसतायत. आमची दहा बाय बाराची खोली, खिडकीतून समोरची भिंत. एका संध्याकाळी मेथी निवडत होते. धाकटा चार वर्षांचा, जुडीतली एक काडी घेऊन बसला. चित्र केलं ते पानांचं नाही, मुळांचं. केसासारखी बारीक मुळं आणि त्यांना लागलेली माती, काळ्या खडूने टिंब टिंब. मी विचारलं, पानं कुठायत? म्हणाला, "ती तू भाजीत टाकलीस."